कालव्याकाठची सहल आणि पाण्याचा सातबारा



गेल्या डिसेंबरात महापरिनिर्वाण दिनाचा कार्यक्रम आटोपून आम्ही विहारात सतरंज्या गुंडाळत होतो. अभ्यासिकेत येणाऱ्या एका पोराने मोबाइल पुढे केला. चीनमधल्या सुझोऊ शहराच्या आसपासची जुनी गावे त्यात दिसत होती. गल्लीऐवजी कालवा, कालव्यावर दगडी कमानीचे पूल, पाण्याला टेकलेली पांढऱ्या भिंतींची घरे, लाल कंदील. शांघायहून लोक खासगी गाडी आणि सोबत वाटाड्या घेऊन सकाळी निघतात, झोऊझुआंग, तोंगली अशी एकदोन गावे पाहतात, होडीत बसून फोटो काढतात आणि रात्री मुक्कामाला परत येतात. पोरगा म्हणाला, "दादा, आपल्याकडं असं काय आहे? आपल्याकडं नुसती जंगलं अन् धानाच्या बांध्या."

आम्ही त्याला तिथेच सांगितले, की तू राहतोस तोच कालव्यांचा आणि तलावांचा मुलूख आहे. तुझ्या गावापासून दोन तासांच्या आत दोन हजार वर्षांपूर्वीचे, खंदकाने वेढलेले बुद्धाचे नगर आहे. ते तू पाहिलेले नाहीस, हा दोष तुझा एकट्याचा नाही. आम्हीही समाजशास्त्रात एम. ए. होईपर्यंत ते पाहिले नव्हते.

मग ठरले. अकरा जणांनी अडीचशे अडीचशे रुपये वर्गणी काढून एक क्रूझर भाड्याने ठरवली. नागपूर-नागभीड छोटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली, आणि एसटीने एका दिवसात हा फेरा होत नाही. म्हणून खासगी गाडी. हे कळल्यावर आमच्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विहारातच सुनावले, "बाबासाहेबांनी सहली काढायला सांगितलं होतं का? त्या पैशात अभ्यासिकेला चार पुस्तकं आली असती." हा आक्षेप खोटा नव्हता. त्याचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा लिहून द्यावे म्हणून हा लेख.

पहिला मुक्काम होता घोडाझरी. नागभीडचे लोक तिथे पिकनिकला जातात, सांडव्याचे पाणी पाहतात, डबा खातात आणि परत येतात. आम्हीही लहानपणी तेच केले. या वेळी पोरांना पाळीवर उभे करून एकच प्रश्न विचारला : ही एवढी माती इथे कोणी आणून टाकली?

कोणालाच उत्तर देता आले नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्य प्रांत उद्ध्वस्त केला. त्यानंतर १९०१ मध्ये इंग्रज सरकारने सिंचन आयोग नेमला आणि वैनगंगेच्या खोऱ्यात मोठे तलाव बांधायचे ठरले. रामटेकचा तलाव, सावली तालुक्यातला आसोलामेंढा आणि आपला घोडाझरी ही त्याच काळातली कामे. घोडाझरी पूर्ण झाला १९२३ साली. त्याआधीही इथे तलाव होतेच. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन आणि हक्क मिळत. कोहळी समाजाचे तळे बांधण्याचे कसब प्रसिद्ध आहे. पूर्व विदर्भातल्या चार जिल्ह्यांत मिळून असे सुमारे सात हजार मालगुजारी तलाव आहेत. मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांचे नाव पडले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव.

इतिहासात नावे येतात ती राजाची, मालगुजाराची, इंग्रज इंजिनिअरची. टोपल्या डोक्यावर घेऊन पाळ चढणाऱ्याचे नाव कुठेच नाही. या भागात मातीकामाला कोण जात होते, हे आपल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. आमच्या आज्याला मातीकामाचा चौका कसा मोजतात ते तोंडपाठ होते, आणि त्याच्या नावावर एक बांधीही नव्हती.

चीनच्या त्या सुंदर कालव्यांचीही हीच गोष्ट आहे. ती गावे ज्या जलमार्गांच्या जाळ्यात वाढली, त्या जाळ्याचा कणा म्हणजे तिथला महाकालवा. सातव्या शतकाच्या सुरुवातीला सुई घराण्याच्या यांग सम्राटाने लाखो लोकांना वेठीला धरून तो जोडून घेतला. २०१४ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पर्यटक होडीत बसतो तेव्हा त्याला कंदील दिसतात, वेठ दिसत नाही. आम्ही त्या पोराला म्हणालो, तू चीनला जरूर जा, पण तिथेही हाच प्रश्न विचार.

घोडाझरीच्या पाळीवर आणखी एक तारीख सांगितली. तलाव पूर्ण झाला त्याच वर्षी, ऑगस्ट १९२३ मध्ये, मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला : सरकारी खर्चाने बांधलेली वा सरकारच्या देखरेखीखालची पाणवठ्याची ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत. आपण तेव्हा मध्य प्रांतात होतो, तो ठराव आपल्याला लागू नव्हता. पण जिथे लागू होता तिथेही कागदावरच राहिला, म्हणून चार वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. आणि पाण्याला हात लावल्यानंतरही उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. तळे खोदायला हात चालतात, पण प्यायला तेच हात विटाळ करतात, हा त्या काळचा कायदा होता.

"पण आता तर कोणी पाणी प्यायला अडवत नाही दादा," गाडीतली एक मुलगी म्हणाली. बी. ए. च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही म्हणालो, हा प्रश्न संध्याकाळपर्यंत धरून ठेव.

कान्पा, भिवापूर करत आम्ही पवनीला पोहोचलो. पवनी आता भंडारा जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. एका बाजूला वैनगंगा आणि उरलेल्या तीन बाजूंनी जुना मातीचा परकोट व खंदक. ड्रायव्हर भाऊ कितीदा इथून गेले होते, पण परकोट म्हणजे काय हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पोरे तर खंदकाकडे पाहून हसायला लागली, "हे तर आपलं चीन!"

पण पवनीची खरी ओळख घाट आणि खंदक नाही. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली इथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडीखाली आणि चांडकापूरच्या टेकडीखाली मोठे स्तूप सापडले. मौर्यकाळापासून सातवाहनांच्या काळापर्यंत टप्प्याटप्प्याने वाढत गेलेले. व्यासाने ते सांचीच्या मोठ्या स्तूपापेक्षाही मोठे. आज त्या टेकडीवर जगन्नाथाचे मंदिर आहे, म्हणून टेकडीचे नाव जगन्नाथ टेकडी. टेकडीच्या नावात आज बुद्ध कुठेच नाही.

इथे सापडलेल्या दगडी खांबांवर ब्राह्मी लिपीत दान देणाऱ्यांची नावे आहेत. त्यातला एक नाग नावाचा, पाचही निकाय जाणणारा. म्हणजे आपल्या या वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी सगळे सुत्तपिटक अवगत असलेला माणूस होता, आणि त्याचे नाव नाग होते. एका शिल्पावर मुचलिंद नागाचे नाव कोरले आहे. पावसात भिजणाऱ्या बुद्धावर फणा धरणारा तो मुचलिंद. आणि एका लेखात विसमिता नावाची उपासिका आहे, तिने आपले दान सगळ्या जीवांच्या सुखासाठी दिले.

आम्ही हे वाचून दाखवले तेव्हा ती बी. ए. ची मुलगी म्हणाली, "म्हणजे तिचं नाव अजून आहे." हो, तिचे नाव अजून आहे. राजाचे किंवा ठेकेदाराचे नव्हे, एका साध्या बाईचे. घोडाझरीची पाळ बांधून अजून दीडशे वर्षेही झाली नाहीत, पण तिथल्या एका टोपलीवालीचे नाव आपल्याला माहीत नाही. धम्माच्या समाजात देणाऱ्याचे नाव खांबावर कोरले जात होते. जातीच्या समाजात खोदणाऱ्याचे नाव मातीत जाते. हा फरक आम्हाला त्या टेकडीवर जेवढा कळला तेवढा वर्गात कळला नव्हता.

इथे थोडे आपल्याच अंगावर घेऊ. आपण दरवर्षी दीक्षाभूमीला जातो, चैत्यभूमीला जातो. पवनीजवळच रुयाडच्या महासमाधी भूमीला फेब्रुवारीत मोठी गर्दी होते, तिथेही आपल्या गाड्या जातात. ते सगळे गेलेच पाहिजे. पण परतताना किती गाड्या जगन्नाथ टेकडीकडे वळतात? आपला इतिहास दुसऱ्यांनी झाकला, हे खरे. झाकलेला उघडल्यावरही पन्नास वर्षे आपण पाहायला गेलो नाही, हेही खरे.

दुपारनंतर आम्ही गोसीखुर्दला गेलो. आमच्यासोबत एक आजी होत्या. वय सत्तरीच्या पुढे. वस्तीतल्या एका पोराची आजी, "मलाही धरण दाखवा" म्हणून हट्टाने आलेल्या. दिवसभर त्या फारशा बोलल्या नव्हत्या.

गोसीखुर्दचे भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा होता, तो पुढे १८ हजार कोटींच्या वर गेला. धरणाची लांबी अकरा किलोमीटरच्या पुढे, दरवाजे ३३, आणि उद्दिष्ट अडीच लाख हेक्टर सिंचनाचे, भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत. उजवा कालवा ९९ किलोमीटर लांब, तो जुन्या आसोलामेंढ्याच्या तलावापर्यंत नेलेला. घोडाझरीसाठी शाखा कालवा वेगळा. म्हणजे सकाळी पाहिलेले इंग्रजांचे तळे आणि संध्याकाळचे हे धरण एकाच पाण्याच्या दोरीने बांधलेले आहेत. नागपूर शहराचे सांडपाणीही याच दोरीने येते : नाग नदीतून कन्हानमध्ये, कन्हानमधून वैनगंगेत, वैनगंगेतून या जलाशयात.

आजी बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिल्या. मग हात लांब करून म्हणाल्या, "थ्या तिकडं आमचं गाव होतं, बाबू. माझं माहेर."

आम्ही विचारले, "आजी, मोबदला मिळाला ना?"

"भावाले घराचे पैसे भेटले. पन वाडीचे नाई भेटले."

वाडी म्हणजे डांगरवाडी. पाणी उतरले की वैनगंगेच्या वाळूत डांगर-टरबूज लावायचे, उन्हाळाभर राखायचे आणि पावसाळ्याआधी विकायचे. भूमिहीन कुटुंबांची ती वर्षाची कमाई. पण नदीच्या वाळूचा सातबारा कोणाच्या नावावर नसतो. नाव नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून मोबदला नाही. आजी म्हणाल्या, "माह्या बापानं चाळीस वर्सं वाडी केली. सायेबानं विचारलं, कागद दाखव. वाळूचा कागद कुठून आनावं, बाबू?"

गाडीत त्यानंतर बराच वेळ कोणी बोलले नाही. ती बी. ए. ची मुलगीच शेवटी म्हणाली, "दादा, सकाळचा प्रश्न."

मित्रांनो, हेच त्या प्रश्नाचे उत्तर आहे. महाडला आपल्याला पाणी प्यायला अडवले होते. आज पाणी प्यायला कोणी अडवत नाही, कारण त्याची गरजच उरलेली नाही. आज पाणी ओंजळीत येत नाही, कालव्यातून येते. आणि कालव्याचे पाणी माणसाला मिळत नाही, जमिनीला मिळते. ज्याच्या नावावर जमीन त्याच्या नावावर पाणी. महाराष्ट्रात २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा झाला, पाणी वापर संस्था झाल्या. त्यांत सभासद कोण? लाभक्षेत्रातला जमीनधारक. रोवण्याला कंबर मोडणारी मजूर बाई त्या संस्थेत मत देऊ शकत नाही. जमीन कोणाकडे आहे हे जातीने ठरवले, आणि पाणी कोणाकडे जाईल हे जमिनीने ठरवले. मध्ये कोणी अस्पृश्यता हा शब्दही उच्चारत नाही, पण हिशेब तोच राहतो.

आणि आपल्यातल्या ज्यांच्याकडे दोन-अडीच एकर आहे, त्यांची बांधी बहुतेकदा पाटाच्या शेपटाला. आमच्यासोबतच्या एका पोराच्या बापाची जमीन अशीच आहे. मायनर खोदून वर्षे झाली, पाणी वरच्या बांध्यांतच संपते. त्याच्या घरी कालवा म्हणजे गुरे पडू नयेत म्हणून काळजी घ्यायची जागा.

इथे काही मित्र लगेच म्हणतील, मग धरणेच नकोत. हे बाबासाहेबांचे म्हणणे नव्हते, हे नीट समजून घ्या. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज त्यांच्याकडे होती. दामोदर खोऱ्याची योजना त्यांच्याच कार्यकाळात आकाराला आली. १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटकला महानदीच्या प्रश्नावर बोलताना त्यांनी मांडले, की पाणी ही संपत्ती आहे, तिला संकट समजून समुद्रात घालवू नका, साठवा. त्यातून सिंचन, वीज आणि जलवाहतूक अशी तिन्ही कामे करा. कालव्यातून होड्या चालाव्यात हे स्वप्न चीनच्या व्हिडिओत पाहण्याआधी बाबासाहेबांनी भारतासाठी पाहिले होते.

पण ते तिथे थांबले नाहीत. १९४७ च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' मध्ये त्यांनी शेती हा राज्याचा उद्योग करावा असे सुचवले. जमीन सामूहिक शेतीसाठी गावकऱ्यांना द्यावी, जात-धर्म न पाहता द्यावी, म्हणजे कोणी जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही. आपण त्यांचे धरण घेतले आणि जमीन सोडून दिली. धरण उभे राहिले, पण त्याच्या पायथ्याशी ठेवायची समता उभी राहिली नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो याच अर्ध्या राहिलेल्या कामासाठी. आज आपल्या किती मंचांवर जमिनीचा विषय निघतो?

पाणी जमिनीपासून सोडवून माणसाला जोडता येते का? येते. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत सुरू केली. तिचा नियम साधा होता. पाणी जमिनीच्या आकारावर नाही, घरातल्या डोक्यांवर. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबाला अडीच एकरांपुरती मर्यादा. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. उसाला बंदी. ही क्रांती नव्हती, गावातल्या लोकांनी बसून ठरवलेला नियम होता. जे पुरंदरच्या खडकाळ माळावर झाले ते पाण्याने भरलेल्या आपल्या झाडीपट्टीत का होऊ नये?

आता ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या प्रश्नाकडे येतो. चार पुस्तकांच्या किमतीत आम्ही काय आणले?

अकरा जणांनी मिळून तीन कामे ठरवली आहेत. पहिले, आपापल्या गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज तलाठ्याकडून, तहसिलीतून मिळवायचे. गावच्या तलावावर, बोडीवर कोणाचे कोणते हक्क नोंदले आहेत ते त्यात असते. पाणी, मासे, गुरांना पाणी पाजणे, माती काढणे, सगळे. आपण ते कधी उघडून पाहिलेले नाही. धीवर बांधवांना सोबत घ्यायचे, कारण तलावाची लढाई एकट्या आपली नाही. दुसरे, ज्या गावात पाणी वापर संस्था आहे तिथल्या सभेला भूमिहीन मजुरांनी सभासद नसतानाही जाऊन बसायचे आणि विचारायचे, आमच्या घरातल्या डोक्यांचा वाटा कुठे आहे. हाकलतील, बसायचे. महाडलाही आमंत्रण नव्हते. तिसरे, दरवर्षी ६ डिसेंबरनंतरच्या रविवारी नवी अकरा पोरे गाडीत बसवून हाच फेरा करायचा. घोडाझरी, पवनी, गोसीखुर्द, आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : खोदले कोणी, आणि आता मिळते कोणाला?

पहिल्या कामाला हात घातला आहे. तीन गावांची कागदपत्रे मिळाली, एका गावाचे रजिस्टर "सापडत नाही" म्हणतात. आम्ही माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे.

परतताना अंधार पडला होता. भिवापूरला चहा घेतला. आजींनी पदराच्या गाठीतून दहाची नोट काढून ड्रायव्हर भाऊंना देऊ केली, त्यांनी घेतली नाही. गाडी पुन्हा कालव्यावरच्या पुलावरून गेली तेव्हा आजी खिडकीतून खाली पाहत म्हणाल्या, "पानी हाय का रे यात?" पोराने मोबाइलचा उजेड खाली मारला. कालव्यात थोडे पाणी होते, वाहत होते. कुठल्या बांधीपर्यंत जाते, ते मात्र दिसले नाही.

हे पाहायला पुढच्या डिसेंबरात तुम्हीही या. वर्गणी अडीचशे रुपये.

जय भीम.